फटाक्याची राख की दुसरे स्फोटक? सूक्ष्मदर्शकाखाली हे कसे ठरते

प्रश्न असा आहे: स्फोट किंवा आग झालेल्या जागेवरून गोळा केलेली राख, माती, कागदाचे कपटे प्रयोगशाळेत येतात. ते फटाक्याचे अवशेष आहेत की दुसऱ्या एखाद्या स्फोटक मिश्रणाचे, हे सूक्ष्मदर्शकाखाली नेमके कसे ठरवतात? आणि आयन क्रोमॅटोग्राफ (द्रावणातले आयन वेगळे करून ओळखणारे यंत्र), एसईएम (इलेक्ट्रॉनांच्या झोताने कण पाहणारा सूक्ष्मदर्शक) अशी यंत्रे हाताशी असताना ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाची गरज उरते का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. गरज उरते, आणि ती पहिल्या तासातच असते. आयन क्रोमॅटोग्राफला नमुना पाण्यात विरघळवून द्यावा लागतो. त्या पाण्यात पोटॅशियम, सोडियम, नायट्रेट आणि क्लोराइड असे चार आयन सापडले, तर मूळ नमुन्यात सोरा (पोटॅशियम नायट्रेट) आणि साधे मीठ होते की सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइड होते, हे ते यंत्र सांगू शकत नाही. एसईएमला जोडलेला एक्स-रे शोधक कणातली मूलद्रव्ये सांगतो, ती कोणत्या संयुगात बांधलेली होती ते सांगत नाही. ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक मात्र कण जसा आहे तसा, संयुग म्हणून ओळखू देतो, तेही नमुना न संपवता. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी कोरडे बघायचे, मग तेलात, मग एकेका कणावर रासायनिक चाचणी, मग एसईएम, आणि पाणी सर्वांत शेवटी. पूर्ण नमुना पहिल्याच दिवशी बीकरमध्ये धुऊन काढला की गेलेली माहिती कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.

पाहायचे काय, तर न जळलेला कण. फटाक्याची दारू कधीच पूर्ण जळत नाही. स्फोटाच्या धक्क्याने कडेचा थोडा भाग पेटण्याआधीच फेकला जातो आणि कुठेतरी अडकून राहतो: कागदी नळीच्या घड्यांत, सुतळी बॉम्बच्या सुतळीच्या पिळात, वातीच्या बुडाशी, मातीच्या बुचाच्या आतल्या बाजूला. मूठभर राखेपेक्षा अशा जागी सापडलेले दहा-बारा कण जास्त मोलाचे असतात. राखेतली संयुगे अनेक वाटांनी तयार होऊ शकतात. न जळलेला पोटॅशियम परक्लोरेटचा कण आणि त्याला चिकटलेला अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा यांचा अर्थ मात्र फार थोड्या प्रकारे लावता येतो.

सुरक्षिततेबद्दल आधीच स्पष्ट सांगतो. बॉम्बशोधक व नाशक पथकाने पाकीट निर्धोक असल्याचे लेखी दिल्याशिवाय ते उघडू नये. न जळलेले मिश्रण खलात घोटायचे नाही, धातूच्या चमच्याने खरवडायचे नाही, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत भरायचे नाही. झाकणाच्या आट्यांत अडकलेली क्लोरेट आणि गंधकाची पूड झाकण फिरवताना घर्षणाने पेटू शकते. ज्योतीची चाचणी करायचीच असेल तर खसखशीच्या दाण्यापेक्षा जास्त घेऊ नये आणि उरलेला नमुना त्याच टेबलावर ठेवू नये.

गोळा करण्याच्या टप्प्यावर सगळ्यात मोठा शत्रू दमट हवा. पोटॅशियम कार्बोनेट सुमारे ४३ टक्के सापेक्ष आर्द्रतेलाच हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, अमोनियम नायट्रेट सुमारे ६२ टक्क्यांना, सोडियम नायट्रेट ७४ च्या आसपास, पोटॅशियम क्लोराइड ८४ च्या आसपास. सोरा ९२-९३ टक्क्यांपर्यंत टिकतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत पावसाळ्यात राख उघड्या बशीत ठेवली तर काळ्या दारूचे, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधकाच्या मिश्रणाचे अवशेष काही तासांत ओले होतात. ते पुन्हा वाळतात तेव्हा बनणारे स्फटिक मूळचे नसतात, त्या थेंबात जे जे विरघळले होते त्यातून नव्याने तयार झालेले असतात. काळ्या दारूच्या ताज्या राखेतले पोटॅशियम सल्फाइडही असेच हवेत टिकत नाही. ते थायोसल्फेट आणि मग सल्फेट होत जाते. आठवड्याने पाहिलेल्या राखेला कुजक्या अंड्याचा वास येत नाही म्हणून ती काळ्या दारूची नाही, असे म्हणता येत नाही. नमुना कोरडा असताना काचेच्या, दाबून बसणाऱ्या झाकणाच्या कुपीत ठेवावा, ती कुपी सिलिका जेल असलेल्या डब्यात ठेवावी आणि हे त्याच दिवशी करावे. कागद, सुतळी, चिंध्या वेगळ्या पाकिटांत घ्याव्यात. राखेच्या पाकिटात कोंबल्या तर त्यांच्या घड्यांतले कण राखेत मिसळतात आणि कुठून आले ते कळत नाही.

तुलनेचे नमुने न घेता आलेला मुद्देमाल दिवाळीनंतर जवळजवळ निरुपयोगी असतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या धुळीत पोटॅशियम, बेरियम, अ‍ॅल्युमिनियम, स्ट्रॉन्शियम सगळे असते. स्फोटाच्या केंद्रापासून दूर, वेगवेगळ्या दिशांनी किमान तीन-चार ठिकाणची धूळ घ्या. न वापरलेला कापसाचा बोळा आणि हातमोज्यांची जोडीही सीलबंद करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये ७ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. त्या भेटीत तज्ज्ञाने सर्वांत आधी हे तुलनेचे नमुने पंचनाम्यात नोंदवून घ्यावेत. आदल्या रात्री स्वतः फटाके वाजवलेल्या माणसाने तेच कपडे घालून नमुने हाताळू नयेत, हेही इथेच सांगतो.

आता टेबलावर येऊ. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, सुमारे १० ते ४० पट, तिरप्या प्रकाशात राख आधी पांढऱ्या आणि मग काळ्या कागदावर पसरून पाहायची. काळ्यावर पांढरे स्फटिक दिसतात, पांढऱ्यावर कोळसा आणि धातू. प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळलेले चुंबक वरून फिरवले की लोखंडाचे कण उचलले जातात. पिशवी उलटी करून ते वेगळे ठेवता येतात. कण उचलायला टंगस्टनची बारीक सुई वापरा. तिच्या टोकाला डोळ्यांना दिसणारही नाही इतके तेल लावले की कण चिकटतो. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या टोकावर स्थिर विद्युत साचते आणि कण उडून जातो.

अ‍ॅल्युमिनियमकडे इथे थांबून बघावे, कारण त्याचा आकार खूप काही सांगतो. सुतळी बॉम्ब आणि आवाजाच्या फटाक्यांतले अ‍ॅल्युमिनियम बहुधा पातळ, वेड्यावाकड्या कडांच्या पापुद्र्यांचे असते. वरून प्रकाश टाकला की आरशासारखे चमकते, स्टेज (स्लाइड ठेवायची फिरती चकती) फिरवली की विझते. वितळलेल्या धातूचा फवारा उडवून केलेली भुकटी गोल किंवा अश्रूच्या थेंबासारखी दिसते. कानशीने किंवा लेथवर काढलेल्या चुऱ्यावर अवजाराचे समांतर ओरखडे असतात. कारखान्याच्या फटाक्यात असा घरगुती चुरा सहसा नसतो, म्हणून तो दिसला की कोणी हाताने काही बनवले होते का, ही शंका नोंदवावी. मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू ठिसूळ असल्यामुळे काचेसारखा टोकदार फुटलेला दिसतो. संशयित धातूच्या कणाजवळ सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाचा थेंब सोडला तर अ‍ॅल्युमिनियम बुडबुडे काढत विरघळते, मॅग्नेशियम तसेच राहते. मग सौम्य आम्ल दिले की मॅग्नेशियमही विरघळते.

कोळशाचा कण वरच्या प्रकाशात पाहिला तर लाकडाच्या पेशींच्या भिंती ओळीने दिसतात. काजळीत असे काही नसते. गंधकाचे कण पिवळट, आणि त्यांचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाश किती वळवतो त्याचे माप) १.९६ ते २.२५ इतका मोठा असल्यामुळे कोणत्याही तेलात त्यांच्या कडा जाड काळ्या दिसतात. गरम स्टेजवर ते ११३ ते ११९ अंशांच्या दरम्यान वितळतात.

खरे काम ध्रुवित प्रकाशात. स्लाइडवर शंभरेक कण, वर कव्हर काच, आणि ज्ञात अपवर्तनांकाच्या तेलाचा थेंब. कण २० ते ४० मायक्रॉनचे असावेत. मोठे असतील तर कव्हर काचेने हलके दाबावेत, पण क्लोरेटची शंका असेल तर दाबू नयेत, बारीक कणच निवडावेत. लक्षात ठेवायचे अपवर्तनांक असे आहेत, एकापेक्षा जास्त आकडे म्हणजे स्फटिकाच्या वेगवेगळ्या दिशांचे:

सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट: १.३३५, १.५०५, १.५०६.
सोडियम नायट्रेट: १.३३६ आणि १.५८७.
पोटॅशियम क्लोरेट: १.४०९, १.५१७, १.५२४.
पोटॅशियम परक्लोरेट: १.४७३ ते १.४७७.
पोटॅशियम सल्फेट: १.४९४ ते १.४९७.
पोटॅशियम क्लोराइड: १.४९०, आयसोट्रॉपिक, म्हणजे सर्व दिशांना सारखाच.
बेरियम नायट्रेट: सुमारे १.५७, आयसोट्रॉपिक.

या आकड्यांतून निवड अशी होते. पोलरायझर आणि अ‍ॅनलायझर काटकोनात ठेवून पाहा; या कणाच्या खाली आणि वर बसणाऱ्या, एकाच दिशेचा प्रकाश पुढे सोडणाऱ्या चकत्या. स्टेज कशीही फिरवली तरी काळेच राहणारे कण आयसोट्रॉपिक: पोटॅशियम क्लोराइड, साधे मीठ, बेरियम आणि स्ट्रॉन्शियमची नायट्रेटे. भडक किंवा पांढुरके उजळणारे कण सोरा, सोडियम नायट्रेट किंवा क्लोरेट असू शकतात. ३० मायक्रॉन जाडीच्या सोऱ्याच्या कणात प्रकाशकिरणांतला फरक ५,००० नॅनोमीटरच्या वर जातो, म्हणून रंग न दिसता उच्च श्रेणीचा पांढरा दिसतो. परक्लोरेट आणि पोटॅशियम सल्फेटचे तेवढ्याच जाडीचे कण जेमतेम १२० नॅनोमीटर देतात, म्हणजे मंद राखाडी. बारीक परक्लोरेट तर जवळजवळ काळाच भासतो आणि नवखा माणूस त्याला मीठ समजतो. अशा वेळी पहिल्या श्रेणीच्या लाल रंगाची पट्टी घालावी. कण खरोखर आयसोट्रॉपिक असेल तर पार्श्वभूमीच्याच रंगाचा राहतो. परक्लोरेट एका दिशेला निळसर, दुसऱ्या दिशेला पिवळसर होतो.

पुढचा निर्णय तेलाने. १.४८० च्या तेलात परक्लोरेट तेलापेक्षा कमी, पोटॅशियम क्लोराइड आणि सल्फेट तेलापेक्षा जास्त. कमी की जास्त ते बेके रेषेवरून कळते. कण आणि ऑब्जेक्टिव्ह यांच्यातले अंतर वाढवले की कणाच्या कडेची उजळ रेषा जास्त अपवर्तनांकाच्या बाजूला सरकते. १.५१० च्या तेलात सोरा कोणत्याही दिशेला तेलापेक्षा कमीच राहतो, क्लोरेट आणि सोडियम नायट्रेट एका दिशेला तेलाच्या वर जातात. १.५४० च्या तेलात क्लोरेटही खाली उरतो, सोडियम नायट्रेट एका दिशेला वरच राहते. या तीन तेलांनी बहुतेक प्रकरणे सुटतात.

सोऱ्याची एक खास खूण आहे. अ‍ॅनलायझर काढून, एकाच पोलरायझरमध्ये स्टेज फिरवली की त्याचा आडवा पडलेला सुईसारखा स्फटिक एका दिशेला ठळक खोल कडांचा दिसतो आणि नव्वद अंशांवर जवळजवळ नाहीसा होतो, कारण लांबीच्या दिशेला अपवर्तनांक १.३३५ आणि आडव्या दिशेला १.५०५ च्या घरात. हा लुकलुकता खेळ एकदा पाहिला की विसरत नाही. मात्र तोच स्फटिक उभा, टोकावर बसला असेल तर त्याच्या उरलेल्या दोन अपवर्तनांकांत जेमतेम हजाराव्या भागाएवढा फरक असतो आणि तो आयसोट्रॉपिक भासतो. एका कणावरून निकाल देऊ नये, किमान आठ-दहा कण पाहावेत, हे त्यामुळेच.

सगळ्यात जास्त चुका तापमानाने होतात. तेलाच्या बाटलीवरचा आकडा २५ अंश सेल्सिअसचा असतो आणि दर अंशाला तो सुमारे ०.०००४ ने घटतो. एसी बंद पडलेल्या खोलीत ३५ अंशांना १.४८० चे तेल १.४७६ होते, म्हणजे परक्लोरेटच्या अपवर्तनांकातच जाऊन बसते, आणि १.५१० चे तेल १.५०६ होऊन सोऱ्याशी जुळते. दोन्ही ठिकाणी निकाल फसतो, आणि तोही कुठली धोक्याची खूण न दिसता. स्टेजजवळ थर्मामीटर ठेवा, दर निरीक्षणासोबत तापमान लिहा, आणि त्याच दिवशी त्याच तेलात शुद्ध परक्लोरेटची स्लाइड शेजारी ठेवून पाहा.

आपल्याकडच्या नमुन्यांत काही फसव्या वस्तू हमखास येतात. पहिली रांगोळी. दिवाळीत प्रत्येक दारात ती असते आणि तिच्या पुडीत बहुधा कॅल्साइट किंवा डोलोमाइट असते. कॅल्साइटचे दुहेरी अपवर्तन (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अपवर्तनांकातला फरक) ०.१७२, सोऱ्याचे ०.१७१. कॅल्साइटही तसाच लुकलुकतो. पण त्याचे अपवर्तनांक १.४८६ आणि १.६५८ आहेत, तो पाण्याच्या थेंबात विरघळत नाही आणि सौम्य आम्लात बुडबुडे काढतो. दाराशी स्फोट झाला असेल तर ही चाचणी केल्याशिवाय सोऱ्याचे नाव घेऊ नये. दुसरी काडेपेटी. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक आणि काचेची पूड असते, पेटीच्या कडेच्या पट्टीत तांबडा फॉस्फरस. देवघराजवळ क्लोरेट आणि गंधक सापडले तर आधी काचेचे टोकदार तुकडे आणि काडीचे लाकूड शोधा. तिसरे खत. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत ठिबकमधून सोडले जाणारे १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच. शेतातल्या शेडमध्ये नुसता सोरा सापडला, कोळसा आणि गंधक नाही, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही. शेंदुरामुळे शिशाचे किंवा पाऱ्याचे कण येतात. कोराडी, चंद्रपूर अशा औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरातल्या धुळीत उडत्या राखेचे काचेसारखे गोल मणी असतात, आणि ते फटाक्यातल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या गोळ्यांसारखेच दिसतात. एसईएममध्ये त्यांत सिलिकॉन निघते, तिथे वेगळे पडतात.

जळून झालेल्या पदार्थांवरून काय कळते? काळ्या दारूतून पोटॅशियम कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड, सोबत थोडे थायोसायनेट. परक्लोरेट आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणातून पोटॅशियम क्लोराइड आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे काही मायक्रॉनचे पांढरे गोल कण. फुलबाजीतून लोखंडाच्या ऑक्साइडचे गोळे, त्यांतले कित्येक पोकळ, आणि बेरियमची संयुगे. पण वेल्डिंग आणि ग्राइंडरमधूनही लोखंडाचे असेच गोळे उडतात, म्हणून सोबत बेरियम आणि डेक्स्ट्रिनसारखा बांधणारा पदार्थ दिसला तरच फुलबाजीचे नाव घ्यावे. डेक्स्ट्रिनमध्ये राहून गेलेले पिठाचे दाणे काटकोनी पोलरायझरमध्ये काळी फुली दाखवतात आणि आयोडीनने रंगतात.

सोबतच्या वस्तूंनाही रसायनाइतकेच महत्त्व आहे. हिरव्या रंगाची ज्यूटची सुतळी, गुंडाळलेल्या जाड कागदाचे थर, पांढऱ्या मातीचे बूच, दारू माखलेली सुती वात हे फटाक्याचे अंग. ज्यूटचा धागा फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने लाल होतो, सुती होत नाही. नमुन्यात अवशेष फटाक्याच्या दारूचेच असतील, पण सोबत लोखंडी पाइपचे तुकडे किंवा विजेच्या तारा असतील, तर ‘फटाक्याची दारू’ आणि ‘फटाका’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अहवालात स्पष्ट यायला हवे. फटाके फोडून काढलेली दारू दुसऱ्या आवरणात भरली जाऊ शकते.

रासायनिक चाचण्या एकेका कणावर, स्लाइडवरच करायच्या. प्रत्येक चाचणीसोबत एक कोरा थेंब आणि एक ज्ञात पदार्थाचा थेंब हवाच. संहत सल्फ्युरिक आम्लातले डायफिनाइलअमाइन नायट्रेट, नायट्राइट आणि क्लोरेट अशा सगळ्यांना निळे होते. त्यावरून एवढेच कळते की ऑक्सिडीकारक काहीतरी आहे. थंड परक्लोरेटला ते रंग देत नाही, हे विसरून ‘ऑक्सिडीकारक नाही’ असे लिहिलेले अहवाल चुकतात. परक्लोरेटसाठी मिथिलीन ब्लू वापरतात, त्याचा जांभळा साका पडतो. नायट्रॉन नायट्रेटसोबत सुयांचे जुडगे देते, पण परक्लोरेटलाही साका देते, म्हणून ज्ञात स्लाइडशी आकार ताडूनच पाहावेत. क्लोराइड, क्लोरेट आणि परक्लोरेट एकत्र असतील तर वेगळे करण्याची जुनी पद्धत आजही चांगली आहे: नायट्रिक आम्ल घातलेल्या थेंबात सिल्व्हर नायट्रेट देऊन असलेले सगळे क्लोराइड खाली बसवायचे, वरचा स्वच्छ द्रव दुसऱ्या स्लाइडवर घ्यायचा आणि त्यात सोडियम नायट्राइटचा कण टाकायचा. नव्याने पांढरा साका आला तर तो क्लोरेटचा. परक्लोरेट तसाच राहतो. काळ्या दारूच्या राखेत सल्फाइड उरले असेल तर आम्ल आधी पुरेसे न घालता सिल्व्हर नायट्रेट दिल्यावर सगळे काळे होते आणि काहीच वाचता येत नाही.

क्लोरोप्लॅटिनिक आम्ल पोटॅशियमसोबत पिवळे अष्टफलक स्फटिक देते, अमोनियमसोबतही हुबेहूब तसेच. म्हणून आधी कण तापवून अमोनियम उडवून लावायचे. बेरियम आणि स्ट्रॉन्शियमसाठी सोडियम ऱ्होडिझोनेट लाल-तपकिरी रंग देते. दोन्ही वेगळे करायला ज्योतीत पाहणे किंवा एसईएम हेच बरे. मुक्त गंधकाला पिरिडीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड निळा-हिरवा रंग देते. हे धुराच्या कपाटातच करावे.

एसईएमसाठी कण कार्बनच्या चिकटपट्टीवर घ्या आणि सोन्याऐवजी कार्बनचा लेप द्या. सोन्याची एक्स-रे रेषा गंधकाच्या रेषेजवळ येते. इथे चार गाठी सोडवाव्या लागतात. बेरियमची मुख्य रेषा ४.४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, टायटॅनियमची ४.५१ ला. पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड बेरियम म्हणून नोंदले जाते. बेरियमच्या पुढच्या रेषा दिसल्याशिवाय ते मान्य करू नये. स्ट्रॉन्शियम १.८१ आणि सिलिकॉन १.७४ मातीत एकमेकांवर चढतात. १४.१४ ची स्ट्रॉन्शियमची रेषा पाहायला इलेक्ट्रॉन झोताचे व्होल्टेज २० किलोव्होल्टपेक्षा वर न्यावे. शिशे २.३४ आणि गंधक २.३१ यांचेही तसेच. चौथी गाठ अँटिमनीची: तिची रेषा ३.६०, पोटॅशियमची दुसरी रेषा ३.५९. फटाक्याच्या कणात पोटॅशियम भरपूर असते, म्हणून यंत्र आपोआप ‘अँटिमनी’ छापते. आणखी एक मर्यादा: इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली नायट्रेट आणि परक्लोरेट विघटित होतात, ऑक्सिजन निघून जातो, आणि निर्वातात गंधक उडू लागतो. ऑक्सिजनच्या प्रमाणावरून क्लोरेट की परक्लोरेट हे एसईएममध्ये ठरवू नये. ते आधीच तेलात ठरलेले असावे.

रामन सूक्ष्मदर्शक, म्हणजे लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून संयुग ओळखणारा, असेल तर उत्तम. पण क्लोरेट आणि परक्लोरेट या दोघांची मोठी रेषा ९४० प्रति सेंटीमीटरच्या आसपासच येते. क्लोरेटची ४८७ ची आणि परक्लोरेटची ४६२ ची छोटी रेषा पाहून निर्णय घ्यावा. काळ्या कणावर लेझर अगदी मंद ठेवा, नाहीतर कण तिथेच पेटतो.

गोळीबाराच्या अवशेषांशी होणारा गोंधळ वेगळा सांगायला हवा. एकाच गोल कणात शिसे, बेरियम आणि अँटिमनी ही तिन्ही असणे ही काडतुसाच्या प्रायमरची (काडतुसातली दारू पेटवणाऱ्या टिकलीची) ओळख मानली जाते, आणि त्यासाठीची प्रचलित पद्धत एएसटीएम या मानक संस्थेच्या ई १५८८ मध्ये आहे. फटाक्यांतूनही यांतली दोन, क्वचित तिन्ही मूलद्रव्ये असलेले गोल कण येतात. पण त्यांच्यासोबत त्याच कणात किंवा शेजारच्या कणांत पोटॅशियम, क्लोरीन, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, स्ट्रॉन्शियम यांची गर्दी असते. दिवाळीच्या दिवसांत संशयिताच्या हातावरून घेतलेल्या नमुन्यात एकट्या कणाकडे न पाहता आजूबाजूचे शंभर कण काय सांगतात ते पाहावे. काडतुसातल्या धूररहित दारूचे दाणे मात्र साध्या स्टिरिओखालीच ओळखू येतात: गोळ्या, चपट्या चकत्या, भोक असलेल्या नळकांड्या, वरून ग्रॅफाइटची चमक. फटाक्याच्या पुडीत असे घडीव आकार नसतात.

अमोनियम नायट्रेटच्या गोळ्या विहिरी आणि खाणींच्या सुरुंगकामात सर्रास असतात. गरम स्टेजवर तो आपली ओळख स्वतःच देतो: सुमारे ३२, ८४ आणि १२५ अंशांना स्फटिकरचना बदलते, १७० ला वितळतो. अगदी कोरडा नमुना ३२ चा टप्पा वगळून ५० च्या आसपास बदलू शकतो, त्यामुळे पहिला बदल दिसला नाही म्हणून तो नाकारू नये. विदर्भाच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमानच ३२ ओलांडते, तेव्हा तापवण्याआधी स्टेज थंड करून सुरुवात करावी. टीएनटी, आरडीएक्स, पीईटीएन यांच्या बाबतीत सूक्ष्मदर्शक फारसा कामाचा नाही. स्फोटानंतर त्यांचा अंश डोळ्याला दिसण्याइतका उरत नाही. त्यासाठी अ‍ॅसिटोनने पुसून काढणे आणि द्रव क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री हाच मार्ग, आणि तो बोळा पाण्याच्या बोळ्यापेक्षा वेगळा घ्यावा.

कायद्याच्या दृष्टीने काही निष्कर्षांना वेगळे वजन आहे. क्लोरेट आणि गंधक किंवा गंधकयुक्त पदार्थ यांच्या मिश्रणाच्या स्फोटकांवर २७ जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेने देशभर बंदी आहे. काड्यांच्या गुलासाठी सूट आहे. म्हणून ‘क्लोरेट’ हा शब्द लिहिण्याआधी तेलातले निरीक्षण आणि नायट्राइटची चाचणी दोन्ही जुळलेली हवीत. फटाक्यांत अँटिमनी, लिथियम, पारा, आर्सेनिक आणि शिसे वापरू नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ३१ जुलै २०१७ चा आहे, आणि २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने बेरियमच्या क्षारांवर बंदी आली. नागपूरच्या नीरी संस्थेने पुढे आणलेल्या हरित फटाक्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालात बेरियम सापडले, तर ते मिश्रणातले आहे की मातीच्या बुचातल्या बॅराइटचे, हे तपासावे लागते. बॅराइट म्हणजे बेरियम सल्फेट, न विरघळणारे आणि सुमारे १.६४ अपवर्तनांकाचे. बेरियम नायट्रेट पाण्यात विरघळते आणि आयसोट्रॉपिक असते. एसईएममध्ये दोघांनाही नुसते ‘बेरियम’ म्हणून पाहणारा अहवाल न्यायालयात टिकत नाही.

अहवालात कण कुठून उचलला, किती कण पाहिले, कोणत्या तेलात, कोणत्या तापमानाला, कोणत्या चाचण्या होकारार्थी आणि कोणत्या नकारार्थी हे क्रमाने लिहावे. ‘पोटॅशियम परक्लोरेट आणि अ‍ॅल्युमिनियमचे न जळलेले कण आढळले, ते आवाजाच्या फटाक्यातील मिश्रणाशी सुसंगत आहेत’ एवढे म्हणता येते. ‘अमुक कारखान्याचा फटाका’ म्हणता येत नाही. मापाच्या पट्टीसह प्रत्येक निर्णायक कणाचा फोटो घ्यावा, एकदा साध्या आणि एकदा काटकोनी पोलरायझरमध्ये. नमुन्याचा निम्मा भाग कोरडा आणि सीलबंद राखून ठेवावा, कारण बचाव पक्षाने फेरतपासणी मागितली तर तेलात भिजलेली स्लाइड पुरत नाही.